पुस्तक भलत्याच रॅकवर लावणाऱ्या मुलांबद्दल

नमस्कार मॅडम. तुम्ही लिहिलंय की विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल म्हणून जॉईन होऊन आठ महिने झाले, ऑगस्टपासून कमवा आणि शिका योजनेतली (शिकता शिकता रोज थोडे तास काम करून मानधन मिळवणारी) १६ मुलं तुमच्याकडे दिलीत, ती उशिरा येतात, मोबाईलमध्ये असतात, पुस्तकं भलत्याच रॅकवर लावतात आणि तीनतीनदा सांगूनही परत तेच. जुने परिचर म्हणतात यांच्याकडून झाडपूस करून घ्या, डोक्याचं काम देऊ नका. तुम्हाला त्यांना काहीतरी शिकवायचंय पण वेळ मिळत नाही. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंय की एक मुलगी काउंटरवर बसवली की रडवेली होते, तिला तिथून हलवू का. मला तो शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, त्यावर शेवटी सविस्तर लिहिते.

मी बावीस वर्षं विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे, त्यातली चौदा वर्षं ही मुलं माझ्याकडे होती, कधी दहा, कधी पंचवीस. त्यावरून सांगते, तुम्ही जे सगळं शिस्तीच्या नावाखाली लिहिलंय त्यातलं बरंचसं शिस्तीचं नाहीच. तुमच्याकडे त्या मुलांना "मॅडम, मला हे कळलं नाही" असं म्हणायची सोय नाही, हा खरा प्रॉब्लेम. कळलं नाही म्हटलं तर ओरडा बसेल, गप्प राहिलं तर निदान आजचा दिवस निघून जाईल, एवढा हिशोब कुठलंही एकोणीस-वीस वर्षांचं पोर करतं. मग ते पुस्तक हातात घेतं, जिथे फट दिसेल तिथे सारतं आणि पुढे जातं. आणि मोकळ्या रॅकच्या लायब्ररीत भलत्या जागी गेलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक, कॉम्प्युटर म्हणतो उपलब्ध आहे, वाचक रॅकपाशी उभा राहून परत जातो.

आता काही गोष्टी तुमच्या तिथल्या परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगते. तुमचे रॅक वाचकांना खुले आहेत की चिठ्ठी दिल्यावर आतून पुस्तक काढून देतात, मुलं होस्टेलची आहेत की गावाहून एसटीने येतात, सायन्सची किती आणि आर्ट्सची किती (सायन्सवाल्यांचं प्रॅक्टिकल कधी लांबेल सांगता येत नाही), तासांची मर्यादा काय. आमच्याकडे दिवसाला दोन ते तीन तास असायचे. त्यामुळे मी सांगते ते जसंच्या तसं उचलू नका, मागचं कारण बघा आणि आपल्या जागेला बसेल तसं करा.

माझी एक चूक सांगते, तिच्यामुळेच मला हे समजलं. सुरुवातीच्या वर्षांत इकॉनॉमिक्सचा एक मुलगा होता, एमएचा, हुशार, वेळेवर येणारा. त्याला ३३० ते ३३९ चे रॅक दिलेले, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या लेबलवर जो विषयाचा आकडा असतो त्यातले त्याच्याच विषयाचे. तीनेक आठवड्यांनी प्राध्यापकांची तक्रार आली की भारताच्या आर्थिक विकासावरची पुस्तकं जागेवर सापडत नाहीत. मी जाऊन बघितलं तर चाळीसेक पुस्तकं उलटसुलट, आणि मी त्याला तिथेच सगळ्या वाचकांसमोर बोलले. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या रूममेटने सांगितलं की मॅडम, त्याला ते पॉइंटनंतरचे आकडेच कळत नव्हते, विचारायची लाज वाटत होती, एमए करतोय आणि आकडे कळत नाहीत म्हणून.

झालं काय होतं, तर ३३८.९५४ आणि ३३८.९६ यांत आधी कोण? त्याने पॉइंटनंतरचं पूर्ण संख्या म्हणून वाचलं, नऊशे चोपन्न आणि शहाण्णव, मग शहाण्णव लहान म्हणून ते आधी लावलं. ड्यूईच्या पद्धतीत, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, ते दशांश आहेत, पाच सहाच्या आधी म्हणून ३३८.९५४ आधी येतं. आपण ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की हे सांगावं लागतं हेच सुचत नाही. आणि ही चूक त्या एकाची नाही, मी नंतर दरवर्षी पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारत आले आणि दरवर्षी निम्मी मुलं तसंच चुकतात, त्यात मॅथ्सची पण असतात.

मग मी समजवायची पद्धत बदलली. नियम सांगायचं सोडलं, वजनकाटा आणला, म्हणजे खरा नाही, फळ्यावर काढायचे. भाजीवाल्याच्या डिजिटल काट्यावर १.२५० दिसलं म्हणजे किती? सव्वा किलो. आणि १.५ दिसलं तर? दीड किलो. जास्त कोण? मग दोनशेपन्नास पाचपेक्षा मोठा आहे म्हणून सव्वा किलो दीड किलोच्या पुढे जातो का? एकदा सव्वा-दीड म्हटलं की परत समजवावं लागत नाही, कारण ते त्यांना घरी माहीत असतं, फक्त पुस्तकाच्या पाठीवरच्या लेबलशी त्याचा संबंध कुणी जोडून दिलेला नसतो. तुमच्या सोळा जणांना हे उद्याच विचारून बघा, तुमची निम्मी "शिस्त" तिथेच सुटेल असं मला वाटतं.

दुसरी अडचण मराठी पुस्तकांची. ८९१.४६३ म्हणजे मराठी कादंबऱ्या-कथा, आकडा सगळ्यांवर एकच, मग खाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं. इंग्रजी ए बी सी डी मुलांना तोंडपाठ असते पण आपली वर्णमाला क्रमाने म्हणायला लावा, ट ठ ड ढ नंतर थांबतात. आणि क्ष, ज्ञ कुठे जातात यावर तर मोठ्या माणसांचंही एकमत नसतं, काही ठिकाणी क्ष क मध्ये घालतात, काही ठिकाणी ळ च्या नंतर शेवटी. तुमच्याकडे कुठे घालायचं ते एकदा ठरवून टाका, आणि वर्णमाला मोठ्या अक्षरात छापून मराठीच्या प्रत्येक रॅकच्या बाजूला चिकटवा. आम्ही चिकटवली तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले हे काय बालवाडीसारखं, पण मी पंधरा दिवसांनी त्यांनाच तिच्याकडे बघून पुस्तक शोधताना बघितलं.

आता "कळलं नाही" म्हणायची सोय कशी करायची. नुसतं तोंडी सांगून होत नाही, "काही अडलं तर विचारा" हे वाक्य सगळेच म्हणतात आणि कुणीच विचारत नाही. मी एक छोटी रॅक काढून दिली, देवघेव काउंटरच्या मागे, तिच्यावर कागद लावला: शंकेची रॅक. नियम एकच, ज्या पुस्तकाची जागा शंभर टक्के माहीत नाही ते इथे ठेवायचं, नाव लिहायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. रोज संध्याकाळी मी किंवा एखादा जुना मुलगा ती पुस्तकं घेऊन दोन-तीन जणांसोबत दहा मिनिटं उभे राहायचो आणि एकेक कुठे जातं ते बोलायचो. पहिल्या आठवड्यात रॅक भरून वाहायची. दिवाळीपर्यंत चार-पाच पुस्तकं. त्या रॅकवर काय येतंय यावरून मला कळायचं की शिकवण्यात कुठे कमी पडलंय, समजा तिथे सारखी संदर्भ विभागाची पुस्तकं येतायत तर आर (म्हणजे रेफरन्स) असलेलं लेबल त्यांना समजलेलं नाही. शिकवायला वेळ नाही म्हणता ना, वेगळा वेळ काढावाच लागत नाही, ही दहा मिनिटंच ट्रेनिंग. फक्त एक पथ्य, त्या रॅकवर जास्त पुस्तकं ठेवणाऱ्याला कधीही बोलायचं नाही. एकदा बोललात की रॅक रिकामी होईल आणि पुस्तकं परत भलतीकडे जायला लागतील.

पहिल्या दिवसाबद्दल. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी नियम वाचून दाखवतात, उशीर चालणार नाही, मोबाईल चालणार नाही, आणि मग एक फडकं हातात. मी पहिल्या दिवशी एका पुस्तकाची वाट चालवते. नुकतं आलेलं पुस्तक घ्यायचं, बिल कुठे, दाखल नोंदवहीत कसं चढतं, दाखल क्रमांक म्हणजे काय, शिक्का कुठे कुठे मारतात, ठरलेलं गुप्त पान कुठलं (मुलांना हे भारी आवडतं, प्रत्येक लायब्ररीचं आपलं एक पान असतं जिथे शिक्का असतोच, पहिलं पान फाडून पुस्तक पळवलं तरी ओळखता येतं), मग वर्गीकरण, कॉम्प्युटरवर नोंद, बारकोड, पाठीवरचं लेबल, आणि शेवटी रॅक. तासभर लागतो. मग प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या द्यायच्या, ओपॅकवर (लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरच्या पुस्तकांच्या यादीत) शोधून पुस्तक आणून दाखवा. ज्याने ही वाट एकदा चालली त्याला कळतं की हे पुस्तक रॅकपर्यंत पोचायला किती हात लागलेत आणि शेवटचा हात त्याचा आहे.

तिथेच मी त्यांना रंगनाथनांची गोष्ट सांगते. डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ग्रंथालयाचं कुठलंही शिक्षण नव्हतं आणि सुरुवातीला इतका कंटाळा आला की परत शिकवायला जावं असं त्यांना वाटत होतं. पुढे याच माणसाने १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले आणि १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. मी मुलांना पाचही सांगत बसत नाही, चौथाच सांगते, वाचकाचा वेळ वाचवा. तुम्ही पुस्तक नीट लावलं म्हणजे कुणाची तरी वीस मिनिटं वाचवलीत, उद्या परीक्षा असणाऱ्या तुमच्याच वर्गमैत्रिणीची. एवढं पुरतं.

झाडपुशीबद्दल परिचर म्हणतात त्यावर माझं मत स्पष्ट आहे. धूळ पुसणं हलकं काम नाही आणि ते मुलांनी करू नये असंही नाही, पुस्तकाला कसर आणि वाळवी लागू नये म्हणून ते करावंच लागतं. पण फक्त तेच दिलं तर ती योजना राहत नाही, ती स्वस्तातली मजुरी होते. या योजनेचं मूळ कुठे आहे बघा ना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची मुलं एकत्र राहायची, स्वतः शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे त्यांचं वाक्य. त्यात काम होतं पण काम करणारा विद्यार्थी होता, हे विसरून चालत नाही. म्हणून आमच्याकडे झाडपूस आठवड्यातून एक दिवस, सगळ्यांनी मिळून, माझ्यासकट, वरच्या कप्प्यापासून खाली, कोरड्या फडक्याने, तोंडाला मास्क लावून. आणि त्याआधी विचारायचं कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी आहे का. एका मुलीने सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, तिला संध्याकाळी दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून हा प्रश्न पहिल्याच दिवशी, एकेकट्याला.

परिचरांशी भांडू नका मात्र. ते असं का म्हणतात तर त्यांना वाटतं ही मुलं उद्या आपलं काम घेणार. आमच्याकडे एक परिचर काका होते, तीस वर्षं त्याच इमारतीत, कुठल्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, कुठल्या रॅकचा खालचा कप्पा रिकामा ठेवायचा, फाटलेलं पुस्तक बाइंडिंगला जायच्या आधी कसं सावरायचं, सगळं डोक्यात, कुठेही लिहिलेलं नाही. मी त्यांनाच म्हटलं, काका, दर शनिवारी अर्धा तास मुलांना तुम्ही शिकवा. आधी नको नको म्हणाले. मग पेस्ट कशी लावायची, पाठ कशी धरायची, पुस्तक वरच्या टोकाला बोट घालून ओढायचं नाही तर बाजूची दोन पुस्तकं आत ढकलून मधून धरून काढायचं, असं शिकवायला लागले आणि वर्षभरात तेच मुलांची बाजू घेऊन माझ्याशी भांडायला लागले. शिकवायला लागल्यावर माणूस त्या पोरांना आपलं म्हणतो, हे मी दोन-तीन जणांच्या बाबतीत बघितलंय.

उशीर आणि मोबाईल. उशिराचं आधी टाइमटेबल मागा, कागदावर, प्रत्येकाचं. त्यात मेसची वेळ, एसटीची वेळ, प्रॅक्टिकल, क्लास सगळं लिहायला सांगा. आमच्याकडे दुपारी एक ते तीन ड्यूटीला मुलं कायम उशिरा यायची आणि मी दोन महिने चिडत होते, नंतर कळलं की मेस सव्वाएकला बंद होते, ड्यूटीला वेळेवर यायचं तर जेवण बुडवायचं. ड्यूटी दीडला सुरू केली, उशीर संपला. सगळा उशीर असा नसतो, काही मुलं खरंच आळशी असतात, पण आधी हे तपासून घ्यावं आणि मगच बोलावं.

मोबाईलचं असं की हातात सलग काम नसेल तर मोबाईल येणारच, तुमच्या-माझ्याही येतो. तुकड्यातुकड्याने काम दिलं, हे उचल, ते ठेव, आता थांब, तर मधल्या थांबण्यात मोबाईल. म्हणून मी प्रत्येकाला एक पूर्ण भाग देते, सहा-सात रॅक, त्यावर त्याचं नाव लावते. ड्यूटीवर आलं की पहिली वीस मिनिटं आपल्या भागाचं शेल्फ रीडिंग, म्हणजे लेबल एकामागून एक वाचत जायचं आणि चुकलेलं काढायचं, मग ट्रॉलीवरची आलेली पुस्तकं. आठवड्यातून एकदा मी त्याच्यासोबत जाऊन कुठलीही पंचवीस पुस्तकं बघते, किती जागेवर आहेत ते त्याच्या वहीत तोच लिहितो. आकडे कुणाला दाखवत नाही, भिंतीवर लावत नाही, तुलना करत नाही. त्याला स्वतःला दिसतं की मागच्या महिन्यात एकोणीस होते, आता चोवीस. काउंटरवर असताना मोबाईल ड्रॉवरमध्ये, तो नियम कडक आहे आणि त्याचं कारण सांगते, समोर वाचक उभा असताना खाली बघणं म्हणजे त्याला तू नकोयस असं सांगणं.

चूक झाली की त्याच दिवशी, एकट्याला, रॅकपाशी उभं राहून. वाचकांसमोर नाही, आणि आठवडाभर साठवून महिन्याच्या मीटिंगमध्ये तर मुळीच नाही. आणि पहिला प्रश्न "का केलंस" नको, "हे इथे कसं आलं असेल, तुला काय वाटतं" असा. पुस्तक हरवलंच तर घाबरवू नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्येसुद्धा वर्षभरात वाचलेल्या किंवा घरी दिलेल्या हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरलंय. तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील ते बघून घ्या, पण मुलाच्या मानधनातून पुस्तकाची किंमत कापायची भाषा कुणी करत असेल तर तिथे तुम्ही उभं राहायला हवं.

काउंटरवरची एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे मित्रांचं प्रेशर. काउंटरवर बसलेल्याच्या समोर त्याच्याच मजल्यावरचा मुलगा येतो, चाळीस रुपये दंड झालाय, म्हणतो अरे काढून टाक ना. नाही म्हटलं तर रात्री होस्टेलवर टोमणे, हो म्हटलं तर चोरी. हा पेच त्या मुलावर टाकायचाच नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्याला स्वतःचं लॉगिन द्या आणि दंड माफ करायची परवानगीच त्यात ठेवू नका, कोहा या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये तर प्रत्येकाला कुठली कामं करता येतील ते वेगवेगळं ठरवता येतं. मग तो सरळ म्हणू शकतो की मला होतच नाही, मॅडमना भेट. तुमचा पासवर्ड मात्र कितीही घाई असली तरी देऊ नका, उद्या काही झालं तर तो बिचारा अडकेल. आणि कुणी कुठलं पुस्तक नेलं हे बाहेर बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा, उदाहरण देऊन. एखादी मुलगी गर्भपाताच्या कायद्यावरचं किंवा नैराश्यावरचं पुस्तक नेते आणि ते संध्याकाळी मेसमध्ये चर्चेला येतं, तर ती परत लायब्ररीत पाऊल टाकणार नाही. हे मुलांना सांगितलं की लगेच समजतं, उलट मोठ्यांना समजवायला जास्त वेळ लागतो.

आता पैशांबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. तुम्ही कितीही प्रेमाने शिकवा, मानधन तीन-तीन महिने अडकलं तर सगळं वाया जातं. ही मुलं हौस म्हणून आलेली नाहीत, त्या पैशांतून मेसचं बिल जातं, कुणी घरी पाठवतं. माझ्या बघण्यात एका वर्षी चार महिने बिल निघालं नव्हतं आणि मुलं एकेक करून सोडून गेली, आम्ही म्हणत बसलो आजकालच्या मुलांना टिकून काम नको. चौकशी केली तेव्हा कळलं की हजेरीपत्रक आमच्याकडूनच उशिरा गेलं होतं आणि एका सहीसाठी तिकडे पडून होतं. तेव्हापासून हजेरी रोजच्या रोज सही करून, महिना संपला की दुसऱ्या दिवशी पत्रक तयार, आणि मी स्वतः दोन-चार दिवसांनी अकाउंट्सला फोन करून फाईल कुठे आहे विचारते. हे क्लार्कचं काम आहे असं कुणी म्हणेल, पण माझ्या मते या मुलांसाठी आपण करतो त्यात हे पहिलं.

परीक्षेच्या आधी तीन आठवडे तास कमी करा, आणि ते मुलांनी मागायच्या आधी तुम्ही सांगा. त्याच काळात वाचकांची गर्दी सगळ्यात जास्त असते हे खरंय, म्हणून ऑक्टोबरपासूनच कायम स्टाफशी बोलून ठेवावं लागतं. नापास झालेला कमवा-शिकाचा मुलगा हे आपल्या लायब्ररीचं अपयश आहे, मी ते तसंच मानते.

आणि जाताना पत्र द्या. "यांनी ग्रंथालयात काम केले, वर्तणूक चांगली" असलं नाही. त्याने काय केलं ते लिहा, किती रॅक सांभाळले, पडताळणीत (सगळी पुस्तकं आहेत का हे मोजून बघतात त्यात) किती पुस्तकं स्कॅन केली, नवीन मुलांना शिकवलं का. माझ्या मुलांपैकी बीलिब (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करणारी थोडीच, बाकीची बँकेत, शाळेत, एमपीएससीच्या अभ्यासाला, कुणी घरच्या शेतीत. एकाने फोन करून सांगितलं होतं की इंटरव्ह्यूत त्याला पत्रातल्या पडताळणीबद्दलच विचारलं आणि तो पंधरा मिनिटं बोलला.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका. उद्या दशांशाचा प्रश्न विचारा आणि शंकेची रॅक लावा, या आठवड्यात टाइमटेबल गोळा करा आणि हजेरीपत्रक कुठे आहे ते बघा, बाकीचं पुढच्या महिन्यात.

आता ती मुलगी. तिला लगेच हलवू नका, पण एकटीही बसवू नका. रडवेली होते म्हणजे नेमकं कशाने ते आधी कळायला हवं, आणि ते काउंटरवर किंवा इतर मुलांसमोर विचारलंत तर "काही नाही मॅडम" एवढंच मिळेल. चहाला सोबत न्या, कामाचं काही न बोलता आधी घरचं विचारा, मग विचारा. माझ्याकडे अशा तीन-चार मुली आणि दोन मुलगे होते आणि प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. एकीला प्राध्यापक इंग्रजीत बोलले की काय उत्तर द्यायचं ते सुचायचं नाही. एका मुलाला अडखळत बोलायची सवय होती आणि रांगेतलं कुणीतरी हसलं होतं. आणि एकीला एक वाचक रोज येऊन मुद्दाम काउंटरवर रेंगाळून त्रास देत होता, ती ते कुणालाच सांगत नव्हती. ही तिसरी शक्यता सगळ्यात आधी तपासा. तसं असेल तर हलवायचं त्या वाचकाला, तिला नाही, आणि तक्रार विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे न्यायची असेल तर तिच्यासोबत तुम्ही जा.

भाषेची किंवा गर्दीची भीती असेल तर तिला आधी फक्त पुस्तकं परत घ्यायला बसवा, तिथे बोलावं कमी लागतं, स्कॅन करायचं आणि पान फाटलंय का बघायचं. शेजारी एक जुनी मुलगी. तीन वाक्यं पाठ करून द्या, मराठीत: "एक मिनिट, बघून सांगते." "हे मला माहीत नाही, मॅडमना विचारून येते." "तुमचं कार्ड द्या ना." इंग्रजीत विचारलं तरी मराठीत उत्तर दिलं तर चालतं हे तुम्ही स्वतः तिला सांगा, आणि तुम्हीही तिच्यासमोर तसंच बोला. दोन-तीन आठवड्यांनी ती स्वतःच देवघेवीला बसू का विचारेल, बहुतेक वेळा विचारतात. नाहीच विचारलं तर तिला नियतकालिकांच्या विभागात द्या, तिथे नवीन अंक लावणं, जुने बाइंडिंगला काढणं हे शांतपणे करायचं आणि लक्ष लागणारं काम आहे, आणि तिला देताना शिक्षा म्हणून नाही तर हे तुला चांगलं जमेल म्हणून द्या, खरंच जमणार असेल तरच म्हणा, मुलांना खोटं लगेच कळतं.